उद्या राखीला आणू नका

शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, फोनवर फार गोड बोलतात. "पल्लवीताई, उद्या राखीला आणू नका हं. साहेब येणार आहेत." बुधवारी संध्याकाळी आलेला हा आवाजी निरोप मी मोबाईलवर मोठ्यानं लावून ऐकला, म्हणजे राखीनंही ऐकला. माझी राखी आठ वर्षांची आहे, स्वमग्न आहे. स्वतःचं असं फारसं बोलत नाही, पण ऐकलेलं वाक्य बोलणाऱ्याच्या आवाजासकट परत देते. रिक्षात लोक वळून बघतात, म्हणून मी तिला गप्प करते.

हा तिसरा निरोप. आधी गॅदरिंगला आणू नका, मग साहेबांच्या मागच्या तपासणीला आणू नका. दोन्ही वेळा मी मुकाट्यानं ऐकलं. दोन शाळांनी आधीच नाही म्हटलं होतं. इथूनही दाखला हातात ठेवला तर पोरीला न्यायचं कुठं? माझे आजोबा कळवणकडच्या शाळेत वर्गाबाहेर बसून शिकले. त्यांची पणती घरात बसते. आणि म्हणे जग सुधारलं.

त्याच संध्याकाळी भाजीबाजारात शकुबाई भेटल्या. शाळेची खिचडी त्याच शिजवतात.

"राखी बरी हाय ना?" त्यांनी विचारलं. "मागं साहेब आले तवा दिसली नाय. हजेरीत तर हजर लिवली होती. मी तिचा भात काढून ठेवला आन् तसाच परत नेला."

"कसला भात?"

"बिनडाळीचा. पिवळं काय खात नाय ना ती. रोज येगळं पातेलं ठेवते मी."

दीड वर्ष मी त्या शाळेला मनातल्या मनात शिव्या घालत होते, आणि तिथंच एक बाई माझ्या लेकीसाठी रोज वेगळा भात लावत होती. मला तिथंच रडू आलं. मग हजेरीचं डोक्यात शिरलं आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. मुलीला घरी ठेवायला लावायचं आणि कागदावर हजर दाखवायचं.

गुरुवारी राखीला गणवेश घालून मी शाळेत घेऊन गेले. मोठ्या बाई फाटकातच उभ्या होत्या. "पल्लवीताई, आपलं ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं होतं," मी म्हटलं. त्या पुढं काही बोलणार तोच साहेबांची गाडी आली.

राखीला तिच्या बाकावर बसवून मी वर्गाच्या दाराशी उभी राहिले. साहेब फिरत फिरत तिच्यापाशी थांबले. "बाळ, नाव काय तुझं?"

राखीनं त्यांच्याकडे न बघता मोठ्या बाईंच्या त्याच गोड आवाजात सांगितलं, "उद्या राखीला आणू नका हं. साहेब येणार आहेत."

मुलं खिदळली. साहेब हसले नाहीत. त्यांनी हजेरीपट मागवला, पानं उलटली. "मागच्या तपासणीला ही हजर होती?"

"होती ना," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं, पण आईच्या शब्दाला तिथं कोण विचारतो?

"नव्हती साहेब," माझ्यामागून आवाज आला. शकुबाई होत्या, हातात खिचडीचा डाव तसाच. "तिचा भात मी परत नेला."

साहेबांनी ते लिहून घेतलं. जाताना बजावलं, की यापुढं ही मुलगी गैरहजर दिसली तर कारण तिच्या आईला विचारीन. मोठ्या बाईंनी मान डोलावली. इतके दिवस मान डोलवायचं काम माझ्याकडे होतं.

"शकुबाई, तुमचं काम जाईल," मी नंतर म्हटलं.

"जाऊ द्या. उद्या खिचडी काय मोठ्या बाई ढवळत्यात का?"

माझा राग अजून गेलेला नाही. मोठ्या बाई उद्या दुसरी युक्ती काढतील. काढू देत.

घरी जाताना रिक्षात राखी सुरू झाली. शकुबाईंचाच आवाज, तोच ठसका. "नव्हती साहेब. नव्हती साहेब." शेजारची बाई वळली, रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. मी तिला गप्प केलं नाही.