न मानणाऱ्याचं सोंग

बोहाड्यात, म्हणजे होळीच्या सुमारास मुखवटे घालून नाचायच्या उत्सवात, बाकीची सोंगं रात्रीच टेंभ्यांच्या उजेडात नाचून जायची. जगदंबा मात्र उजाडताना निघायची. खोडाळ्याहून आत, डोंगराच्या उतारावरच्या त्या पाड्यात याहून मोठा मान नव्हता आणि तो गोरखच्या घराण्याकडे होता. बाप होता तोवर बाप नाचला. बाप गेल्यावर देवीचा मुखवटा थोरल्या मुलाकडे, म्हणजे गोरखकडे आला.

गोरखने तो मान अंगाखांद्यावर नुसता मिरवला नाही. होळीच्या महिनाभर आधी त्याने मासळी सोडली, उपास धरले. ताडी तर तो कधीच पीत नव्हता. अनवाणी राहिला, बायकोपासून वेगळा ओटीवर निजला. खोटं बोलणं हे पाप, मग ते कुणासाठीही असो, असं तो मानायचा आणि तसा वागायचाही. पहिल्या वर्षी तो नाचला तेव्हा एक पाऊल चुकलं नाही. बायांनी नारळ ठेवले, हात जोडले आणि भाकऱ्या करायला घरोघर निघून गेल्या. मुखवट्याच्या आत गोरख वाट बघत होता. अंगात काहीतरी शिरेल, डोळ्यांपुढे उजेड होईल. काही झालं नाही. घामाने मान चिकट झाली, एवढंच.

आपलीच भक्ती कमी पडली असं समजून पुढच्या वर्षी त्याने उपास वाढवले. पण ऐन बोहाड्यात बैलाने पायावर पाय दिला आणि त्याचा घोटा सुजून आला. बोहाड्याचं सगळं बघणारा म्हातारा तुका म्हणाला, "मान घरातच राहू दे. जगनला उभा कर."

जगन म्हणजे गोरखचा धाकटा भाऊ. खोडाळा ते जव्हार जीप चालवायचा. तो देव मानत नव्हता. त्याला कुणी फसवलं होतं, की कुणी जवळचं मेलं होतं, म्हणून नव्हे. त्याला ते कधी लागलंच नव्हतं. लहानपणी बाप त्याला देवळात हात जोडायला लावायचा आणि तो हात जोडून बाहेरचे बैल बघत राहायचा. मोठा झाल्यावर हात जोडणंही सुटलं. अडलेल्या बाईला जव्हारच्या दवाखान्यात न्यायचं असलं की पहिली हाक त्यालाच जायची. आणि खोटं तर तो इतकं सहज बोलायचा की ऐकणाऱ्याला हसू यावं. जीपमध्ये लाकडं दिसली की जंगलाच्या गार्डला सांगायचा, "साहेब, मयताची लाकडा हाईत." ती निघायची एकट्या राहणाऱ्या गौराच्या चुलीची.

त्या रात्री जगन सुकट-भाकर खाऊन झोपला होता. उजाडायच्या आत त्याला उठवून लुगडं नेसवलं, डोक्याला फडकं गुंडाळून वर मुखवटा बांधला. गोरख काठी टेकत देवळापुढच्या मांडवाशी येऊन उभा राहिला. त्याच्या मनात होतं की भाऊ दोन पावलं नाचेल, धापा टाकेल, लोक समजून घेतील आणि पुढच्या वर्षी मान परत आपल्याकडे येईल.

संबळ वाजला. जगन आधी नुसता उभा राहिला. मग त्याने मान वळवली, अगदी हळू, डावीकडून उजवीकडे, जणू एकेकाचं तोंड ओळखून घेतोय. गर्दीतला गलका थांबला. आणि मग तो नाचला. पावलं चुकत होती, गोरखला दिसत होतं. पण ती चूक वाटत नव्हती. समोरची बाई जिकडे सरकेल तिकडे ते पाऊल जात होतं. बाया रडायला लागल्या. गौरा, जिचा लेक लक्ष्या भिवंडीला परांचीवरून पडून मेला होता आणि जी त्या दिवसापासून कुणाशी धड बोलली नव्हती, ती पुढे धावली, सोंगाचे पाय धरले आणि मोठ्याने हंबरडा फोडला. सोंग वाकलं. तिने त्याच्या कानाशी काहीतरी विचारलं, सोंगाने काहीतरी सांगितलं. गौरा उठली ती डोळे पुसत, पदर सावरत.

"आली! देवी आली!" तुका ओरडला.

गोरख मांडवाच्या खांबाला टेकला. घोटा ठणकतोय म्हणून असेल, असं त्याने स्वतःला सांगून बघितलं. तेवढ्यात त्याला रुपी दिसली. त्याची बायको. नारळ घेऊन ती सोंगापुढे गेली, टाचा उंचावल्या आणि मुखवट्याच्या कानाशी बराच वेळ बोलली. पंधरा वर्षांच्या संसारात ती गोरखशी इतका वेळ सलग कधी बोलली नव्हती.

दुपारी जगन अंगणात पाणी डोक्यावर ओतून घेत होता तेव्हा गोरखने विचारलं, "आतमधी काय झाला तुला?"

"काय होनार? गरम झाला. मुखवट्याचा कागद टोचत होता नाकाला."

"देवी आली ना?"

"नाय दादा. मीच होतो."

हे उत्तर गोरखला शिवीसारखं लागलं. देवी आली असती तर त्याने सोसलं असतं. तिची मर्जी, ती धाकट्यावर गेली. पण न आलेल्या देवीसाठी लोक रडले, आणि तो स्वतः महिनाभर उपाशी राहिला तेव्हा बायांना भाकऱ्यांची आठवण झाली!

"आन रुपीने काय विचारला?"

जगनने लोटा खाली ठेवला. "ते वहिनीला विचार."

"तुझ्या कानात बोलली ती."

"माझ्या नाय. सोंगाच्या."

"तू सोंगाला मानतोस तरी का? लाकडासाठी गार्डला खोटा सांगतोस, आन इथे मोठा इमानदार!"

"लाकडाचा वेगळा, दादा," जगन म्हणाला. "ह्याचा वेगळा."

"खोटा तो खोटाच. तुला तर कुणाचा भ्याव पन नाय. मग वाईट करायला तुला अडवतो कोन?"

जगनने जरा विचार केला. त्याला हे कधी कुणी विचारलं नसावं. "कोन नाय अडवत," तो म्हणाला. "नको वाटतो, म्हनून नाय करत." आणि टॉवेल खांद्यावर टाकून जीप धुवायला गेला.

ते वर्ष गोरखला फार जड गेलं. बोहाडा सरला तरी तो ओटीवरच निजत राहिला. नागलीची लावणी झाली, भात कापून झाला, पण त्याचं लक्ष कशातच लागेना. खोडाळ्याच्या बाजारात बाया जगनला बघून पदर डोक्यावर घ्यायच्या. गौरा आता ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची. ते पाहूनही गोरखला बरं वाटायचं नाही, आणि बरं वाटत नाही म्हणून स्वतःचीच लाज वाटायची. रुपी जगनच्या ताटात कालवण वाढताना जरा जास्त वाढते का, हे तो बघत राहायचा. ती जास्त वाढत नव्हती. तरी तो बघायचा. रुपीला त्याने विचारलं नाही. विचारलं आणि तिने सांगितलं नाही, तर काय करायचं, याची त्याला भीती होती. सगळ्यात जास्त खुपायची ती जगनची झोप. पडल्या पडल्या त्याचं घोरणं सुरू व्हायचं. ज्याला ना व्रत ना नेम, त्याला अशी झोप कुठून येते?

पुन्हा बोहाडा जवळ आला आणि सोंग याही वर्षी जगननेच घ्यावं असं लोक म्हणू लागले, तेव्हा गोरख तुकाकडे गेला. लोकांची फसवणूक होतेय, असं म्हणाला. जगन उपास करत नाही, देवी मानत नाही, हे लोकांना कळायला हवं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण आपण ते का सांगतोय, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

पाड्यातली माणसं देवळापुढे जमली. तुकाने सरळ विचारलं, "जगन, तू देवीला मानतोस का?"

गोरखला वाटलं, हा आता हसून "मानतो की" म्हणणार. गार्डपुढे बोलतो तसं. त्याला मनातून तेच हवं होतं. म्हणजे हा लबाड आहे हे ठरून गेलं असतं.

जगनने सगळ्यांकडे बघितलं. गौराकडे जरा जास्त वेळ. "नाय," तो म्हणाला. "मानत नाय. पन तुमची थट्टाबी कधी केली नाय."

कुणीतरी मागून शिवी दिली. एकजण म्हणाला, मागच्या वर्षी मग आमच्या पोरीचा ताप उतरला तो कसा? गौराने डोक्यावरचा पदर खाली ओढला. तुकाने निकाल दिला, सोंग गोरखचं. सभा मोडली. जिंकून आल्यासारखं गोरखला वाटायला हवं होतं. घरी आल्यावर त्याला भूक लागेना, आणि उपास तर अजून सुरू व्हायचा होता.

सोंगाच्या पहाटे जगन स्वतःहून आला. भावाच्या डोक्याला फडकं त्यानेच गुंडाळलं. "नाकाकडे जरा जाड घे," म्हणाला, "नायतर सोलून निघतो." भावाची बोटं कानामागे गाठ मारत होती आणि त्या क्षणी गोरखला त्या बोटांचाही हेवा वाटला, इतकी ती शांत होती.

तो नाचला. पावलं बरोबर पडली. आतमध्ये काही आलं नाही. बाया नारळ ठेवून मागे सरकल्या. मग गर्दीतून गौरा पुढे आली. मुखवट्याच्या आत कोण आहे हे तिला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. तरी ती आली आणि कानाशी लागली.

"माय," ती कुजबुजली, "मागल्या साली तू नाय म्हनलीस. ते खरा होता का? लक्ष्या जात नव्हता गं भिवंडीला. मीच ढकलला त्याला. मी मारला का त्याला?"

देवी गोरखशी बोलली नव्हती. देवीच्या तोंडून बोलायचं तर ते खोटं होतं, त्याच्या जन्मातलं सगळ्यात मोठं खोटं, तेही तिचा मुखवटा घालून. आणि गप्प बसायचं तर ही बाई इथून पुन्हा मुकी होऊन जाणार होती. संबळ वाजतच होता. त्याने मनोमन देवीला हाक मारली. तू सांग, काय बोलू? आतमध्ये त्याचाच श्वास तेवढा ऐकू येत होता.

"नाय," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "तू नाय मारलास. घरात दाना नव्हता म्हनून धाडलास. तू आई हाईस त्याची."

गौराने कपाळ त्याच्या पायावर टेकलं. तिच्यामागे रुपी उभी होती. तिने नारळ ठेवला, नमस्कार केला आणि एक शब्द न बोलता बाजूला झाली.

मुखवटा उतरवून दिवसभर गोरख घराच्या मागे मोहाखाली बसून राहिला. संध्याकाळी रुपी टोपली घेऊन मोहफुलं वेचायला आली. तो गेल्या वर्षीपासून गिळत आलेला प्रश्न आपोआप बाहेर पडला.

"मागल्या वर्षी जगनच्या कानात काय बोललीस?"

रुपी वेचत राहिली. "जगनच्या नाय, देवीच्या."

"मग आज का नाय बोललीस?"

"आज तूच होतास ना आत. तुझीच तक्रार तुलाच काय सांगू?" ती उभी राहिली. "सांगू? मी म्हनला, बाई, माझा नवरा तू घेतलास. महिना महिना तो ओटीवर, तुझ्यासाठी उपाशी. माझ्याकडे बघतो तो मी सोवळ्यात नाय म्हनून बघतो. सगला तुझा तुझा करून टाकलास. थोडा परत दे. माझ्यात काय कमी हाय, म्हनून रडले." तिने पदराने नाक पुसलं. "मला तुझ्या देवीचा राग येतो. पाप असेल तर असू दे."

वर्षभर ज्या गोष्टीसाठी गोरख भावावर जळत होता ती ही होती. आणि जगनला हे ठाऊक होतं. देवळापुढे सगळ्यांसमोर उभा होता, शिव्या खात होता, तेव्हाही ठाऊक होतं. एक वाक्य बोलला असता तर गोरखची मान खाली गेली असती. तो बोलला नाही. कुणी अडवलं नव्हतं त्याला.

गोरखने टोपली जवळ ओढली आणि खाली पडलेली फुलं वेचायला लागला. रुपी जरा वेळ बघत राहिली, मग तीही बसली.

पावसाळा सरल्यावर एकदा तुका ओटीवर येऊन बसला. गौरा बोलती राहिली, देवीची कृपा, असं म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "लोक म्हनतात, सोंग जगनचा बरा होता. पन तो मानत नाय ना?"

चुलीपाशी रुपीचा भाकरी थापणारा हात थांबला.

"मानतो," गोरख म्हणाला. "आता मानतो. माझ्याकडे बोलला तो."

तुकाचा चेहरा उजळला. तो गेला. आपण काय करून बसलो हे गोरखला कळत होतं. पण पश्चात्ताप शोधला तर सापडत नव्हता.

त्या रात्री जगन जव्हारहून जीप घेऊन आला तेव्हा त्याला ते वाटेतच कळलं होतं. "दादा, मी नाय मानत अजून," तो दारातूनच म्हणाला. "मला कुणी विचारला तर मी परत नाय म्हननार."

"मला माहीत हाय."

"मग खोटा का बोललास?"

"लाकडाचा वेगळा," गोरख म्हणाला.

जगन हसला. त्याचं ते मोकळं हसणं ऐकून गोरखला अजूनही कुठेतरी टोचलं, आणि ते टोचणं आता जाईल असंही त्याला वाटलं नाही. जगन जेवून आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. गोरखने ओटीवरचं आपलं अंथरूण उचललं, काखेत धरलं आणि आत गेला.