ताटातली भाजी

गणपतीच्या मिरवणुकीत लेझरचा झोत उन्मेषच्या दोन्ही डोळ्यांत गेला, तेव्हापासून तो मांजर्लीच्या फ्लॅटमध्ये बसून होता. आता दिवाळीही उलटली. अंबरनाथच्या कारखान्यात प्रेस मशिनांवर देखरेख करणारा धडधाकट माणूस! विचारलं की एकच उत्तर, थोडं धूसर दिसतं. बायकोच्या, सुनेत्राच्या मनात पाल चुकचुकत होती.

डोळ्यातल्या पडद्याची जखम भरत आलीय, असं डॉक्टरच म्हणाले होते. पण पुढे त्यांनी भलतंच सांगितलं. म्हणे, जखमेनंतर डोळ्यापासून मेंदूपर्यंतच्या वाटेवर शरीराचं रक्षण करणारी प्रथिनं वाढतात आणि साफसफाईच्या नादात मज्जातंतूंचे चांगले जोडही तुटू शकतात. उंदरांत तसं दिसलंय, माणसांचं अजून नक्की नाही. दिसणं कमी झालं तर लगेच या. सुनेत्राने मान डोलावली, पण मनात म्हणाली, घ्या, आता सुट्टीला उंदरांचं निमित्त! नव्या मॅनेजरशी त्याचं वाजलेलं तिला ठाऊक होतं.

शिवाय घरात तो कुठे धडपडत नव्हता. जेवताना डावीकडची चटणी, कडेचं मीठ, उजवीकडची भाजी, बोट कुठेच चुकत नव्हतं. सोंग, दुसरं काय! आज कारखान्यातून फोन आला, साहेब उद्या येतायत ना? जेवणानंतर सांगते, म्हणाली ती. तिने हो म्हटलं की तो उद्या मशिनांपुढे उभा.

म्हणून तिने आज भेंडी केलीय असं सांगितलं आणि ताट उलटं वाढलं. भेंडी डावीकडे आणि उजवीकडे, भाजीच्या जागी, हिरव्या मिरच्यांचा ठेचा. दिसत असेल तर विचारेलच, हे काय वाढलंस म्हणून. मग बघते त्याच्याकडे.

उन्मेषने पोळीचा तुकडा मोडला, हात उजवीकडे नेला आणि ठेच्याचा भलामोठा घास तोंडात घातला. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तरी त्याने तो घास गिळला.

"भेंडी छान झालीय आज," तो म्हणाला.

सुनेत्राला आता उमगलं. सोंग तो करतच होता, दिसत असल्याचं. तिने पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला.

"मला का नाही सांगितलंस रे?"

"डॉक्टर डोळा बरा होतोय म्हणाले, तेव्हा तू माझ्याकडे कसं बघितलंस," तो म्हणाला, "तेवढं मला दिसलं होतं."

कारखान्याचा फोन पुन्हा वाजला. तिने तो कापला आणि डॉक्टरांना लावला.