वर धरलेले पाय

चिमट्यानं खेकडा बरणीतून वर काढला, तेव्हा उज्वलाला औषधाचा नव्हे, ओल्या मातीचा वास आला. तिनं खिडकीकडं पाहिलं. बाहेर लातूरचं रखरखीत ऊन होतं.

सोळा वर्षं ती या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होती. बरण्यांत जतन केलेले साप, विंचू, सशाचं पिल्लू, सगळ्यांचं औषधाचं पाणी तिनं बदललं होतं. ही एक बरणी तेवढी ती वरूनच पुसायची.

परवा तपासणीची समिती येणार होती. यंदाच रुजू झालेल्या भार्गवी मॅडम शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, "खोल समुद्रातला आहे हा, होमोलिडी कुळातला. मागच्या दोन पायांनी पाठीवर स्पंज हा मऊ समुद्री जीव धरून फिरतो, म्हणजे शत्रूला दिसत नाही. याचा स्पंज कुजून गेलाय. ते पाय उगीच वर राहिलेत. खाली दाब आणि दोऱ्यानं बांधून टाक. मोडले तरी चालतील, पण या नवीन बुटक्या बरणीत बसला पाहिजे."

उज्वलानं बोटानं पाय दाबले. दबले. तिनं जोर कमी केला, तसे ते सावकाश परत उठले आणि तिच्या बोटाभोवती मिटले.

ती जागची हलली नाही.

"भिजलेत ना, म्हणून तसं होतं. ओढून काढ बोट."

"न्हाई मॅडम."

"का गं? भ्यालीस?"

"त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं किल्लारीकडचं घर पडलं. मी पाच वर्साची. आईनं मला पुढ्यात घेतलं अन् वरून येणारी तुळई दोन्ही हातांनी धरली. दुपारच्याला मिल्ट्रीच्या लोकांनी आमाला काढलं. मी जित्ती व्हते." उज्वला खेकड्याकडंच बघत होती. "आईचे हात खाली येईनात. एकजण दाबायचा, ते पुन्ना वर यायचे. मी बघत व्हते."

 मॅडमनी कपाटातून एक करडा दगड आणला. दगडात खेकड्याचा ठसा होता, मागचे दोन पाय वर उचललेले.

"हा याच्याच कुळातला. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. पाय सहसा राहत नाहीत. याचे राहिले."

उज्वलानं दुसऱ्या हातानं दगड घेतला. कपाटातला असूनही तो कोमट लागला.

"याच्या पाठीवर काय व्हतं?"

"काय माहीत. ते मऊ असतं, राहत नाही."

उज्वलानं बोट हळूच सोडवून घेतलं. मॅडमनी न सांगता मागच्या फळीवरची उंच बरणी काढून दिली. उज्वलानं ती धुतली, भरली, खेकडा आत सोडला. झाकण लावण्याआधी त्या पायांच्या वर किती जागा उरते, ते तिनं दोनदा वाकून पाहिलं.