धोंड्याची बोळवण

मी धोंडा बोलतोय. दगड म्हणालात तरी चालेल, पण शिळा-बिळा म्हणू नका. एकदा मोठं नाव चिकटलं की काय होतं, ते मी चांगलंच भोगलं आहे.

माझा जन्म येऊरच्या डोंगरातला. कुठल्याशा मुसळधार पावसात कड्यापासून सुटलो आणि वहाळाबरोबर गडगडत खाली आलो. वाटेत माझे कोपरे झिजले, तोराही झिजला. वहाळ जिथं खाडीकडे वळतो त्या वळणावर जो रुतून बसलो, तो आजपर्यंत तिथंच आहे. काठावर आगऱ्यांचं गाव होतं. गावच्या बायका माझ्यावर कपडे आपटायच्या आणि कपड्यांच्या निमित्तानं सासूलाही आपटून घ्यायच्या. गोदूबाई त्यांतलीच. पुढे घरोघर नळ आले आणि माझ्याकडचा राबता आटला.

मग घोडबंदर रोड रुंद झाला, माझ्या जवळच वहाळावर पूल झाला, पलीकडच्या काठावर टॉवर उभे राहिले आणि वहाळाचा नाला झाला. म्हणजे पाणी तेच हो, फक्त नाव बदललं. पण वहाळात काही टाकायचं म्हणजे लोकांचा हात अडखळायचा. नाल्यात टाकायला कुणालाच काही वाटेना. गाद्या आल्या, थर्माकोल आलं, एकदा तर अख्खा कमोड आला. पावसाळ्यात पाणी तुंबायचं आणि थेट गोदूबाईच्या घरात शिरायचं, कारण तिचं घर सगळ्यांत खाली. म्हातारी खाटेवर पाय वर घेऊन बसायची आणि पाण्याला शिव्या घालायची. पाण्याचा काय दोष होता?

अशात सरोजताई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, टॉवरमध्ये राहणाऱ्या. त्यांनी दर रविवारी सकाळी पुलाच्या कडेला ‘वहाळाची बैठक’ सुरू केली. टॉवरमधले लोक घडीच्या खुर्च्या आणायचे, गावातले कठड्यावर बसायचे. डोंगरातलं पाणी खाडीपर्यंत मोकळं कसं जाईल, काठावरची झाडं का तोडायची नाहीत, कोण कधी पाण्यात उतरणार, यावर बोलणं व्हायचं. बोलणं पुष्कळ आणि चहा त्याहून पुष्कळ. तरी खोटं कशाला सांगू, गाद्या निघाल्या. कमोडही निघाला. मला कितीतरी वर्षांनी माझ्या पायाशी वाहतं पाणी लागलं आणि मी मनातून हरखलो.

पण बैठकीची पाठ वळली की पुलावरून पिशव्या यायच्याच. सरोजताई जेरीला आल्या. जिन्यात कुणी थुंकू नये म्हणून देवाची टाइल लावतात ना, ते त्यांच्या डोक्यात आलं असावं. एका सकाळी कुणाला न सांगता त्या खाली उतरल्या. वाटीत तेल-शेंदूर कालवलेला होता. तो त्यांनी मला फासला, एक झेंडूचं फूल ठेवलं आणि इकडेतिकडे बघत निघून गेल्या.

आणि काय सांगू, मला आवडलं! जन्मभर आपटून घेतलेल्याला कुणी हात जोडले तर तो खुलणारच. पिशव्या थांबल्या. नारळ आले, हार आले. मी नवसाला पावतो अशी बोलवाही उठली. कुणाला नि कधी पावलो ते मलाच ठाऊक नाही.

हळूहळू निर्माल्य यायला लागलं. पुलावर गाडी थांबायची, काच खाली व्हायची, गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी कपाळाला लागायची आणि धप्पकन माझ्या पुढ्यात पडायची. कचरा टाकताना माणूस निदान आजूबाजूला बघतो, निर्माल्य टाकताना तो डोळे मिटतो. महिन्याभरात पाणी पुन्हा तुंबलं.

त्यात एका रविवारी टॉवरच्या कमिटीचा सेक्रेटरी प्रशांत उभा राहिला. माणूस मनानं चांगला, पण उत्साहाला लगाम नाही.

“देवाला असं उघड्यावर ठेवणं बरं नाही दिसत,” तो म्हणाला. “नाल्यावर स्लॅब टाकू, वर छोटंसं मंदिर बांधू, सीनियर सिटिझन्सना बाकडी. वासाचा प्रॉब्लेम पण सॉल्व्ह!”

माना डोलल्या. स्लॅबचे खांब पाण्यात येणार, पाणी अडणार आणि गोदूबाईच्या घरात घुसणार, हे तिथं सगळ्यांना कळत होतं. पण देवाच्या आड कोण येणार?

सरोजताई उठल्या. “हा देव नाही. शेंदूर मी फासलाय, कचरा थांबावा म्हणून. चुकलं माझं.”

एकच गलका झाला. “मॅडम, असं काय बोलताय? माझ्या मुलाचं ॲडमिशन इथं नारळ फोडून झालंय!” एक बाई म्हणाली. दुसरा म्हणाला, “शेंदूर कुणी का लावेना, लागला ना? मग झाला देव.” सरोजताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात कठड्यावरून गोदूबाई उठली. “भांडू नको रं. देव हाय तं हाय. मंग त्याची बोलवन करा.”

प्रशांतचा चेहरा फुलला. “ऐकलंत? आजीपण म्हणतायत, देवाला बोलवा! प्राणप्रतिष्ठेचं बघू या आपण.” टाळ्याही पडल्या.

“आरं बोलवा नय, बोलवन!” गोदूबाईनं कपाळावर हात मारला. टॉवरवाले एकमेकांकडे बघायला लागले. सरोजताईंना आधी उमगलं आणि रडता रडता त्या हसायला लागल्या. “अहो, बोळवण म्हणतायत त्या! निरोप द्या म्हणतायत!”

“मंग मी काय बोलते? गनपती येतो, पावनचार घेतो, आपले घरा जातो. त्याला कोन सलाबमदी कोंडतं काय? यो बी लय दिस रायला. शिदोरी द्या नि लावून द्या त्याला.”

दर वर्षी दीड दिवसाचा गणपती बसवणाऱ्या प्रशांतनं मान डोलावली आणि माझ्याकडे बोट केलं. “पण मग हा दगड?”

“देव जाईल, दगर रहील.”

पुढच्या रविवारी माझी उत्तरपूजा झाली. आरती झाली, दहीपोह्यांची शिदोरी ठेवली. प्रशांत भरात येऊन “पुढच्या वर्षी…” असं ओरडला आणि त्यानं जीभ चावली. सगळे खो-खो हसले. मग सरोजताई पाण्यात बसल्या आणि त्यांनी मला तेलानं, राखेनं घासलं. लाल पाणी खाडीकडे निघालं तेव्हा मला वाईट वाटलं, कबूल करतो. पण हलकंही वाटलं. नंतर साऱ्यांनी मिळून पिशव्या उपसल्या. पावसाळ्यात पाणी गोदूबाईच्या ओट्याला लागलं आणि तिथूनच मागे फिरलं.

बैठक अजून भरते. सरोजताईंनी घासलं खूप, पण माझ्या एका भेगेत थोडा शेंदूर राहून गेला आहे. परवा टॉवरमध्ये नव्यानं राहायला आलेल्या एक बाई पुलावर थांबल्या. त्यांना तो दिसला. त्यांनी चपला काढल्या, हातातली पिशवी कपाळाला लावली आणि डोळे मिटले.

अहो ताई, तो देव घरी गेला हो. डोळे उघडा, आणि ती पिशवी तेवढी परत न्या.