ताईच्या नावाची ओळ

शिंप्याने शेवटचं पिंप तिरकं केलं आणि साठवलेलं पाणी उंबऱ्यावरून गटाराकडे पळालं. गल्लीभर तोच आवाज होता. घराघरांतून बादल्या, कळश्या, पातेली उपडी होत होती.

पूर ओसरला होता. पाणी गेलं, गाळ राहिला. गाळ निघेल, भीती निघेना. सकाळी त्याच्या फोनवर निरोप आला होता : कारखान्याचं विष पाण्यात उतरलंय, घरातलं सगळं पाणी ओतून द्या. त्याने ताईला फोन लावला. ताई दोन दिवस रेडिओ केंद्रातच होती, बातम्या वाचत. तिने उचलला नाही. उचलला असता तर हेच म्हणाली असती, असं मनाशी धरून त्याने खाली आपली एक ओळ जोडली, ‘माझ्या रेडिओतल्या ताईनेच कळवलंय’, आणि निरोप पुढे धाडला.

एकच्या बातम्यांना ताईचा आवाज आला, इस्त्री फिरवलेल्या कापडासारखा सरळ.

“पुरापूर्वी साठवलेले पाणी पिण्यास सुरक्षित आहे. ते जपून वापरावे. पंप बुडाल्याने उद्या संध्याकाळपर्यंत नळांना पाणी येणार नाही.”

गल्लीभर भांडी पालथी पडली होती. ओलं गटार तेवढं चमकत होतं.

समोरच्या आजी काठी टेकत त्याच्या दारात आल्या.

“तू लावलेलं बटण मला पुन्हा लावावं लागतं. तुझ्या शब्दावर मी तांब्याभरसुद्धा ओतलं नसतं. तिचं नाव घेतलंस, म्हणून कळशी रिकामी केली.”

तो गळ्यातली टेप बोटाभोवती गुंडाळत राहिला.

दुपारी ताईचाच फोन आला.

“मी असं सांगितलं होतं तुला?”

“नाही. पण तुझं नाव घातलं की लोक ऐकतात, ताई.”



“ऐकतात ना, म्हणून तर दोन ठिकाणी विचारल्याशिवाय मी एक ओळ वाचत नाही रे.” मग ती म्हणाली, “साहेबांनी बोलावलंय. ठेवते.”

संध्याकाळी तो रिकामा तांब्या घेऊन आजींकडे गेला. त्यांच्यासाठी पाणी शोधत चार गल्ल्या धुंडाळून आला होता. निरोप सगळीकडे त्याच्या आधी पोहोचला होता. आजी रेडिओपाशी बसल्या होत्या, तळहातावर रक्तदाबाची गोळी. ताई ‘नमस्कार’ म्हणाली की गोळी घ्यायची, असं त्यांचं कित्येक वर्षांचं घड्याळ.

सात वाजले. नमस्कार आला, पण आवाज परका होता.

“आमच्या वृत्तनिवेदिकेच्या नावाने पसरलेला संदेश खोटा आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या बातम्या वाचणार नाहीत. पाण्याचे टँकर उद्या सकाळी...”

आजींना कमी ऐकू यायचं. त्यांनी कान पुढे केला.

“आज ती नाही का? घसा बसला वाटतं बिचारीचा.”

त्याने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. आजींनी सबब आयती हातात ठेवली होती.

“घसा चांगला आहे तिचा,” तो वाकून त्यांच्या कानाशी म्हणाला. “माझ्यामुळे बसवलंय तिला घरी.”

त्याचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला, तो आजींनी हलकेच बाजूला केला.

“चालू राहू दे.”

मग त्याच्या हातातल्या तांब्यात एकदा डोकावून त्यांनी गोळी कोरडीच गिळली.