बाजारच्या दिवशी माझ्यात पाणी

“बाबा, तुमच्या सुईत औषध असतं की नुसतं पाणी?”

हिमेनाने शेवटी विचारलंच. दातांच्या डॉक्टरची मुलगी हे विचारूच शकत नाही, अशी वर्गातल्या मैत्रिणींनी पैज लावली होती. डॉक्टर एव्हारिस्तो हसले. “मैत्रिणींना म्हणावं, आधी दात घासा.”

मित्रांनो, ती सुई माझी. मी एक जुनी सिरिंज आहे, पोलादी अंगाची आणि काचेच्या पोटाची. बोलिव्हियाच्या पठारावरच्या या गावात मी आले, तेव्हा डॉक्टरांचे केस काळेभोर होते. माझ्यातलं बधिर करणारं औषध हिरडीत गेलं की रडत आलेली माणसं वाकड्या ओठांनी हसत जायची. घरी सूप हनुवटीवर सांडायची, पण माझं कौतुक करायची. काय तोरा होता माझा तेव्हा!

मग बाजारच्या दिवशी डॉक्टर माझ्यात मिठाचं पाणी भरू लागले. त्या दिवशी डोंगरातली माणसं येतात, भूक-थकवा मारायला चघळतात ती कोकाची पानं गालात धरून. “यांचं तोंड आधीच बधिर असतं,” डॉक्टर म्हणायचे. “टोचल्याचं समाधान द्यायचं, बस्स.” हिमेनाची आई मुकाट्याने बाटली पुढे करायची. ज्या हातांवर मी विश्वास टाकला, त्याच हातांनी मला खोटं बोलायला लावलं. आणि शिव्या कुणाला? मला.

हिमेनाने विचारलं, तोही बाजारचाच दिवस होता. वाळवलेले बटाटे विकणाऱ्या सातुर्निना मावशी खुर्चीत बसल्या होत्या. मी टोचून बाजूला झाले. चिमटा दाढेला लागला मात्र, मावशींनी डॉक्टरांचं मनगटच धरलं.

“पानांनी भूक मरते, डॉक्टर. दाढ नाही मरत.”

“अहो मावशी, सुई दिलीय ना?”

“दिलीत की. खोटारडी आहे तुमची सुई.”

हिमेनाने बाटली उचलली आणि एक थेंब जिभेवर घेतला. खारट. जीभ काही बधिर झाली नाही. तिने आईकडे पाहिलं, तर आई खिडकीबाहेर बघत होती.

मित्रांनो, आम्हाला नुसतं उकळून, पुसून ठेवलं म्हणजे जपलं असं होत नाही. आमच्यात काय भरता, तेही बघा. आम्हाला ‘नाही’ म्हणता येत नाही.

हिमेनाने मावशींकडून मूठभर पानं मागून घेतली आणि गालात कोंबली.

“आई, बाबा, शनिवारी माझी दाढ काढायचीय ना? मी अशीच पानं चघळत बसणार आहे. मला याच बाटलीतलं टोचायचं. ठरलं माझं.”