एकशे वीसचे तीस

“एकशे वीसमधून नव्वद गेले, उरले तीस,” मोजणीचे नवे अमीन शरदचंद्र वहीत लिहीत म्हणाले. मोजणीखात्यात बावीस वर्षं साखळी ओढणारा मी, कचरू, शेजारीच उभा होतो. चूक दिसली, आणि मी मुद्दाम गप्प बसलो.

परतूरजवळच्या शिवारात धर्मराज आणि द्वारकाबाई यांच्या बांधावरचा दगड हरवला होता. जुन्या वहीत त्याची जागा होती: गावशिवेच्या दगडापासून दहा साखळ्या, उत्तरेपासून एकशे वीस अंशांवर. मध्ये बाभळींचं बन, सरळ जाता येईना. म्हणून पूर्वेला किती आणि दक्षिणेला किती जायचं ते कोष्टकावरून काढायचं. त्याआधी कोन लहान करून घ्यायचा, तोही दक्षिणेपासून. एकशे ऐंशीतून एकशे वीस गेले, साठ. नव्वद वजा केले तर कोन पूर्वेपासूनचा येतो आणि दोन्ही आकडे उलटे पडतात. झालं! सहा अमिनांना हे मीच शिकवलं. मात्र अमिनाची जागा रिकामी झाली तेव्हा खात्याच्या साहेबांना माझी उर्दूची परीक्षा आठवली, जी मी कधी दिलीच नव्हती. हैदराबादहून हे शरदचंद्र नावाचं पोर आणून बसवलं. पहिल्याच दिवशी मला म्हणतं कसं, “तू साखळी ओढ. अक्कल चालवू नकोस.”

ओढतो की! दुपारी साहेब तपासायला येतील, चूक पकडतील आणि चारचौघांत याची खरडपट्टी काढतील, एवढीच माझी इच्छा होती.

पूर्वेला साडेआठच्या वर जायचं, तिथे पाचच साखळ्या गेलो. दक्षिणेला पाच जायचं, तिथे साडेआठ ओलांडल्या. दगड मीच पुरला. द्वारकाबाईच्या मेलेल्या नवऱ्यानं खोदलेली विहीर धर्मराजच्या बाजूला गेली.

साहेब आले. लिंबाखाली चहा प्यायले, सही ठोकली, गेले. मेल्यानं वहीचं पान उलटलंसुद्धा नाही.

द्वारकाबाई धावत माझ्याकडे आली. “कचरूभाऊ, तुमी इतकी वर्सं मोजून राह्यले. दगड बराबर हाय का? तुमी म्हनाल ते खरं.”

आता बोललो तर आधी का बोलला नाहीस, हे निघणार. नोकरी जाणार.

“बराबर हाय, बाई,” मी म्हणालो. जीभ झडली नाही माझी.

“मंग ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

सकाळपासून आम्हाला तीच आपल्या विहिरीचं पाणी पाजत होती. तिनं पोहरा उचलला, मध्येच थांबली आणि बांधावरच्या धर्मराजला विचारलं, “भाऊ, ह्यान्ला पानी पाजू का?”

त्यानं मान डोलावली. मी ओंजळ पुढे केली.